हौसाक्काला हवी होती तेवढी हिंदी

हिंदीची शिक्षिका म्हटलं की लोक आधी हसतात. गणिताच्या सरांना वचकून असतात, इंग्रजीच्या बाईंना खुर्ची देतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "हिंदीत काय शिकवायचं असतं हो? दोन पिक्चर बघितले की येतंच की!" उभा जन्म हे ऐकलं. सुरुवातीला तळपायाची आग मस्तकात जायची. मग एक युक्ती सापडली. असं म्हणणाऱ्याला विचारायचं, बरं, 'दही आंबट झालं' हे हिंदीत सांगा. माणूस छाती काढून सांगतो, दही खट्टी हो गई. मी म्हणते, छान, चहा घेणार का?

हिंदीत दही पुरुष आहे. पुस्तक बाई आहे. आपल्याकडचा आत्मा नर्मदा ओलांडून पलीकडे गेला की बाई होतो. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारायची, "बाई, हे ठरवलं कुणी?" प्रश्न खोडसाळपणाचा असायचा, पण मला तो आवडायचा, कारण त्याच प्रश्नापायी मी या धंद्यात पडले. जुन्या भाषेत तीन लिंगं होती. मराठीनं तिन्ही जपली. हिंदीनं तिसरं घर मोडून टाकलं आणि त्यातली माणसं उरलेल्या दोन घरांत वाटून दिली. कोण कुठं गेलं याला थोडेफार नियम आहेत, पण नियमांपेक्षा अपवादच जास्त. घराच्या वाटणीत भांडीकुंडी वाटतात तसं झालंय ते. कुणाच्या वाट्याला तांब्या, कुणाच्या वाट्याला झाकण.

लिपी एकच असल्यानं आपल्या मुलांना वाटतं हिंदी येतेच. तिथंच ती फसतात. इंग्रजी परकी म्हणून मूल जपून पाऊल टाकतं. हिंदीत ते धावत सुटतं आणि तोंडावर आपटतं. माझी सगळी नोकरी म्हणजे अशा पडलेल्यांना उठवून उभं करणं.

नोकरीची पहिली काही वर्षं मी मिरजेला होते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, शबाना. तोंडी परीक्षेला ती म्हणाली, "मैं नक्को बोली." सगळा वर्ग हसला, आणि तिची मान जी खाली गेली ती वर येईना. मी घरी येऊन पुस्तकं उलथीपालथी केली. ज्याला आपण शुद्ध हिंदी म्हणतो ती दिल्ली-मेरठ भागातली बोली. गद्य लिहायला ती नीट वापरायला लागून फार फार तर दोनशे वर्षं झाली असतील. त्याआधी तिकडचे कवी ब्रजात आणि अवधीत लिहीत होते, हिला कुणी विचारत नव्हतं. पण त्याच्याही कितीतरी आधी तीच बोली फौजांबरोबर, फकिरांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर दख्खनला उतरली. इथं राहिली, आपल्याकडून 'नको' घेतला, त्याचा 'नक्को' केला आणि मिरजेच्या गल्ल्यांत संसार थाटून बसली. म्हणजे शबानाच्या घरची भाषा माझ्या पुस्तकापेक्षा वयानं मोठी. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. मुलांना फारसं कळलं नाही, पण शबानानं मान वर केली. गुण मात्र मला कापावेच लागले, कारण पेपर पुस्तकाचा होता.

साताऱ्याकडच्या एका फौजी गावातही मी काही काळ काढला. तिथं एक निवृत्त हवालदार पोराची उत्तरपत्रिका घेऊन थेट शिक्षकखोलीत आले. पोराला घरी रोज हिंदी बोलायला लावत होते, तरी काठावर पास कसा, हा सवाल. ताठ उभं राहून मला म्हणाले, "हम पूरा हिंदुस्तान घूमा है मॅडम, किधर भी अटका नहीं." मी पेपर बघितला. पोरानं पानभर 'हम जाता है, हम खाता है' लिहिलं होतं, अगदी बापासारखं, ठसक्यात. मी समजावून सांगितलं, पण खरं सांगू का, मनातून मला त्यांचंच पटलं होतं. लडाखपासून आसामपर्यंत या हिंदीवर माणसानं नोकरी काढली, जखमी सोबत्याला धीर दिला, आणि मी बसलेय लाल पेन घेऊन.

शेवटी बदली झाली ती विट्याच्या अलीकडच्या एका गावात. निवृत्तीनंतर राहिलेही तिथंच. हा भाग गलाईवाल्यांचा. बाहेरच्यांना सांगायला हवं, गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. सराफाकडचे जुने दागिने, तुकडे, दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा, हे सगळं वितळवून त्यातलं अस्सल वेगळं काढायचं. आमच्याकडं पाऊस कमी, म्हणून माणसं हे काम शिकून बाहेर पडली. हिंदुस्तानातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, एखाद्या बोळात भट्टी दिसेल आणि भट्टीपाशी आमच्याकडचा माणूस. केरळातला मल्याळममध्ये भाव करतो, बंगालमधला बंगालीत, आणि जत्रेला गावी आले की सगळे एका पारावर बसून मराठीत पाऊसपाण्याचं बोलतात.

त्यामुळं हिंदीला या गावात जी किंमत मिळाली ती मला दुसरीकडं कुठंच दिसली नव्हती. इथली पोरं लक्ष देऊन शिकायची. हल्ली तर लग्न ठरलं की नवऱ्या मुलींना माझ्याकडं पाठवतात. नव्या सुना नवऱ्याबरोबर परमुलखात जातात, त्यांना भाजीवाल्याशी भांडता आलं पाहिजे, डॉक्टरला दुखणं सांगता आलं पाहिजे. मी तेवढंच शिकवते. ज्या भाषेत भांडता येतं ती भाषा आली असं समजावं, हा माझा नियम.

पूर्वी मात्र सुना जात नसत. रीत अशी होती की गडी एकटा जायचा. बायको गावी राहायची, सासू-सासरे, जनावरं आणि रान सांभाळायची. नवरा वर्षातून एकदा जत्रेला यायचा. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. 'पाणी दे', 'बैल कुठं बांधलाय', एवढ्यावर संसार व्हायचा. पोरंबाळंही व्हायची, पण बोलणं म्हणाल तर तेवढंच.

आमच्या गल्लीतल्या हौसाक्काचा संसार असाच झालेला. तिचा नवरा, त्याला सगळा गाव अप्पा म्हणतो, तरणाताठा असताना उत्तर प्रदेशात देवरियाला गेला आणि म्हातारा होऊन परत आला. तिकडचं दुकान आता मुलगा बघतो, सुनील. अप्पा गावी आल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता आणि मराठी गेली होती.

होय, मराठी गेली. वाचा आली ती हिंदीतून. डॉक्टरांनी तिकडून धावत आलेल्या सुनीलला सांगितलं की असं कधीकधी होतं, दोन भाषा येणाऱ्या माणसाची एखादी आधी परतते, दुसरी मागाहून येते किंवा येतही नाही. गावात अर्थातच याची निराळी कारणं निघाली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं ढोंग आहे. पाहुणे यायचे आणि कानाशी मोठमोठ्यानं मराठी बोलायचे, जणू अप्पा बहिरे झालेत. बोललेलं त्यांना कळत असावं. पण उत्तर हिंदीत यायचं, आणि हौसाक्काला हिंदीचं अक्षर येत नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा अप्पा उशीला टेकून बसले होते. मला बघून तोंडभर हसले. "आइए, आइए, बैठिए. अभी हम गला रहे हैं, घंटा भर लगेगा. चाय पी लीजिए तब तक." मी चाटच पडले. या माणसाला मी इतकी वर्षं जत्रेत बघत होते. वाकडं तोंड करून बसणारा, हुं की चूं न करणारा गृहस्थ. हा कोण गोड माणूस बोलतोय? आणि ती पूरबी धाटणी, सूर शेवटी जरा लांबवायचा, 'मैं' म्हणायच्या जागी 'हम'. माझ्यातल्या शिक्षिकेला तर पर्वणीच. पुस्तकात वाचलेली पूर्वेकडची हिंदी समोर पलंगावर बसून मला चहा विचारत होती. हौसाक्का दाराला धरून उभी होती. एकदा त्यांच्या तोंडाकडं बघायची, एकदा माझ्या.

चार दिवसांनी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. शेळ्या बांधून, तोंड धुऊन, चांगलं लुगडं नेसून आली होती.

"बाई, मला हिंदी शिकवा."

मी म्हटलं, अगं आक्का, या वयात कशाला तो ताप? ते काय म्हणतात ते मी येऊन ऐकते आणि तुला सांगते. तिनं मान हलवली.

"तुमी सांगितलं तर त्यात तुमची दया येणार. सुनील सांगतुया त्यात त्येची लाज येतीया. मला माझ्या कानानं ऐकू द्या."

मग हळूहळू तिनं गोष्ट सांगितली. दिवसभर अप्पा दुकानाचंच बोलतात, हे तिला सुनीलनं सांगितलं होतं आणि तिला ते खरंही वाटत होतं. पण रोज दिवेलागणीला ते एकच वाक्य म्हणतात. दाराकडं बघून, हळू आवाजात, लय मायेनं. सुनीलला विचारलं, तर तो 'काय न्हाई, दुकानाचंच' म्हणून उठून गेला. शेजारणीनं गावभर करून टाकलं की म्हातारा तिकडच्या बाईला हाका मारतो.

"माझ्यासंगं आसं कवाच बोलल्यालं न्हाईत," हौसाक्का म्हणाली. "म्हंजी कुणासंगं तरी बोलायची सवं आसंलच की."

मी विचारलं, वाक्य काय आहे ते? ती म्हणाली, ते नाही सांगणार. तुमी नुसती भाषा शिकवा, त्यातनं माझं मी काढती.

आता माझी अवस्था काय झाली असेल! शिक्षकाला उत्सुकतेचा रोग असतोच, मला तो जरा जास्तच. ते वाक्य ऐकायला दिवेलागणीला त्यांच्या दारावरनं एक चक्कर टाकावी असं रोज वाटायचं. पण तिनं विश्वासानं वाक्य झाकून ठेवलं होतं, मग दार कसं ओलांडायचं? शिवाय मनातून भीतीही वाटत होती. तिकडं खरंच दुसरं घर असलं, तर तिला ते कळण्यासाठी लागणारे शब्द तिच्या हातात मीच देणार होते. असं शिकवणं मी कधी केलं नव्हतं.

शिकवायला सुरुवात केली. पुस्तक बाजूला ठेवलं, कारण पुस्तकात पहिला धडा बागेचा होता आणि तिला बागेशी काही देणंघेणं नव्हतं. चूल, पाणी, शेळी, औषध, दुखणं इथून सुरू केलं. ती झपाट्यानं शिकायची. लिंगांवर मात्र अडून बसली. दही पुरुष हे तिला काही केल्या पटेना.

"विरजण मी लावती, घुसळती मी, आन् ते बाप्या? ऱ्हाऊ दे, तुमचं तुमास्नी."

मी तिला समजावलं की तिकडं पूर्वेला खेड्यापाड्यांत खुद्द त्यांची माणसंही लिंगाचं फार मनावर घेत नाहीत. तिला बरं वाटलं. खरंतर तिच्यामुळं मीच पुन्हा अभ्यासाला बसले. देवरियाकडं घराघरांत भोजपुरी चालते आणि हिंदी बोलायची झाली तर तिला भोजपुरीचा वास लागतो. पुस्तकातल्या हिंदीत 'मैंने खाया', आपल्याकडंही 'रामाने खाल्लं', हा 'ने' दोन्हीकडं सख्खा. तिकडं पूर्वेला मात्र हा 'ने' बोलण्यात टिकतच नाही. शबानाच्या मिरजेतही तो असा गळालेला. भट्टीत घातल्यासारखी भाषा जागोजाग वितळते आणि प्रत्येक गाव त्यातनं आपापल्या मापाचं काहीतरी काढतं. मला हे सगळं इतकं रंजक वाटायचं की कधीकधी मी बोलतच सुटायचे. हौसाक्का ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बरं. आता 'कोण' ला काय म्हणत्यात?"

ती कुठं निघालीय ते मला दिसत होतं.

द्राक्षांच्या छाटण्या उरकल्या तेव्हा तिनं तो प्रश्न मागितला. 'तिकडं तुमचं कोण हुतं?' हे हिंदीत कसं विचारायचं? मी सांगितलं, "वहाँ आपका कौन था?" तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं. मग थांबली. 'था' म्हंजी बाप्याच ना? मी म्हटलं, हो. कोण ते ठाऊक नसलं की हिंदीत पुरुष धरून चालतात. बाई असली तर 'थी'.

"मराठीत 'हुतं' म्हणलं की भागतंया," म्हणाली. "बाई न्हाई, बाप्या न्हाई. इचारताना जीभ जड हुईत न्हाई."

तिनं दोन्ही पाठ केली. 'था' पण आणि 'थी' पण. जाताना पदर नीट केला आणि म्हणाली, बघू कोणतं तोंडातनं निघतंय. ती गेल्यावर मला चहाही गोड लागेना. वाटलं, उगीच शिकवलं. मग वाटलं, तिचा हक्कच आहे तो. सगळं आयुष्य त्या माणसाच्या नावानं रान राखलं, त्याच्या आईबापांचं शेवटपर्यंत केलं. एक प्रश्न विचारायचा तिचा हक्क नसेल तर कुणाचा आहे?

नंतर ती आलीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मधे सुनील पुन्हा गावी येऊन गेला. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, कुपवाडच्या बाजूला एक बाई आहेत, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. अप्पांना तिथं न्यायचं आहे, मराठी परत येईल म्हणतात. आणि चेहरा पाडून पुढं म्हणाला, "पण आई न्हाई म्हणतीया. तुमी जरा सांगा की तिला." मी त्याला सरळ विचारलं, ती नाही का म्हणते? त्यालाही ठाऊक नव्हतं. ते वाक्य काय आहे हेही मी त्याच्याकडून काढून घेऊ शकले असते. प्रश्न अगदी ओठावर आला होता. गिळला.

शेवटी मीच गेले. दुपारची वेळ होती. अप्पा झोपले होते. हौसाक्का उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि विचारलं, "विचारलंस?"

"न्हाई."

शेंगा फोडत, माझ्याकडं न बघता, तिनं मग सगळं सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडनं गेली ती ठरवूनच गेली होती. दिवा लावला. अप्पांनी दाराकडं बघितलं आणि रोजचं वाक्य म्हणाले. पहिल्यांदाच तिला ते सगळं कळलं, अक्षर न् अक्षर. आणि पहिल्यांदाच तिनं ते माझ्यापुढं उघड केलं.

"आप खाना खा लिए?"

बिन 'ने' चं. अस्सल पूरबी. माझ्या तोंडात सवयीनं दुरुस्ती आली होती, पण तिच्यावर मी शेंगदाणा टाकला.

"आता बघा बाई," ती म्हणाली, "जेवलीस का म्हणून ह्या घरात मला आजवर कुणी इचारलं न्हाई. सासूनं न्हाई, पोरांनी न्हाई. ह्येंनी तर न्हाईच. तवा हे माझ्यासाटनं न्हवतंच. दुसऱ्या कुणाचं तरी हुतं. मला लय राग आला. 'थी' वालं वाक्य तोंडात घिऊन मी म्होरं गेली."

"मग?"

"मग कसं कुणास ठावं, तोंडातनं निघालं, 'अभी नहीं'."

अप्पा म्हणे दचकले. दिवसागणिक ते दाराला विचारत होते, आणि दारानं पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. त्यांनी हौसाक्काकडं बघितलं. ओळखलं की नाही हे तिला सांगता येईना. मग त्यांनी डाव्या हातानं पलंगावर आपल्या बाजूची जागा झटकली आणि म्हणाले, "तो आइए. साथ में खाते हैं."

हौसाक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिच्या हाताला माती होती, ती तिनं लुगड्याला पुसली. आमच्याकडं बाई शेवटी जेवते, चुलीपाशी, सगळ्यांचं उरकल्यावर. नवऱ्याच्या पंगतीला बसायची तिची कधी वेळच आली नव्हती. लग्नात घास भरवला असेल तेवढाच.

"म्या दोन ताटं केली," ती म्हणाली. "बसली शेजारी. त्येंनी पयला घास डाव्या हातानं मलाच दिला. रोज बसतूय आता."

शेवटी मला राहवेना म्हणून मी विचारलंच. म्हटलं, आक्का, पण तिकडं कुणी होतं का, ते कळलं नाही म्हणजे?

"न्हाई कळलं. आन् ह्येंची मराठी परत आली तरी त्यातनं बी काय कळायचं न्हाई, त्या मराठीला मी चांगली वळखती. म्हनून सुनीलला न्हाई म्हणलं." ती उठली, शेंगा सुपात भरल्या. "कुणाला बलवत हुते ते बलवू द्यात. उठून जेवायला मी गेली."

आत अप्पा जागे झाल्याची चाहूल लागली. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"बाई, उद्यापास्नं येती. जेवताना मानसं काय काय बोलत्यात, तेवढं शिकवा."